कोर्टाकडे पोलीस नाहीत, मग निकालाचा उपयोग काय?

प्रश्न : हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हवामान बदलावर मत दिलं, पण ते बंधनकारक नाही म्हणे. मग एवढा गाजावाजा कशाला?

मत बंधनकारक नाही हे बरोबरच आहे, पण ज्या कायद्यांचा अर्थ त्यात सांगितलाय ते कायदे बंधनकारक आहेत, आणि खरी गोम तिथेच आहे. २३ जुलै २०२५ ला कोर्टाने एकमताने सांगितलं की हवामानाला मोठी हानी होऊ न देणं हे प्रत्येक देशाचं कर्तव्य आहे, पॅरिस करारातून (तापमानवाढ रोखण्यासाठीच्या जागतिक करारातून) कोणी बाहेर पडला तरी ते सुटत नाही, कारण ते करारापुरतं नाहीये, सगळ्या देशांना लागू असणाऱ्या रूढ कायद्यातही आहे. तेल-कोळशाच्या नव्या लायसन्सा आणि सबसिड्या देत राहणं हेसुद्धा बेकायदा कृत्य ठरू शकतं असं कोर्ट स्पष्ट म्हणालं. त्यामुळे यापुढे एखाद्या देशातल्या साध्या कोर्टात कोणी सरकारवर केस टाकली तर वकिलाच्या हातात हा कागद असेल, आणि जजला त्याकडे काणाडोळा करणं अवघड जाईल.

आणि देशातल्या कोर्टांचे, तसेच युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाचे निकाल संबंधित सरकारवर बंधनकारक असतात बरं का. नेदरलँड्सच्या सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्येच सरकारला सांगितलं होतं की २०२० संपायच्या आत हवा तापवणाऱ्या वायूंचं उत्सर्जन १९९० पेक्षा निदान २५ टक्क्यांनी कमी करा. एप्रिल २०२४ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात स्वित्झर्लंडच्या म्हाताऱ्या बायकांची संघटना जिंकली, उन्हाच्या लाटांचा सगळ्यात जास्त त्रास आम्हाला होतो आणि सरकार पुरेसं काही करत नाही, ही त्यांची तक्रार होती.

मला या सगळ्यात सर्वात मोलाचं वाटतं ते हे, की हेगचं प्रकरण सुरू केलं २०१९ मध्ये पॅसिफिक बेटांवरच्या कायद्याच्या २७ विद्यार्थ्यांनी. वानुआतू या छोट्याशा देशाने ते उचललं, मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत ठराव मंजूर करून घेतला, आणि डिसेंबर २०२४ च्या सुनावणीत ९६ देश येऊन बोलले.

प्रश्न : समुद्रात बुडालेला देश, देश राहतो का?

कोर्टाचा कल हो कडे आहे. एकदा देश झाला की जमीन गेली म्हणून त्याचं देशपण आपोआप जाईलच असं नाही, आणि किनारा मागे सरकला तरी आधी ठरलेल्या सागरी हद्दी बदलायची सक्ती नाही. माशांवरचा हक्क त्या हद्दीवर अवलंबून असतो, म्हणून बेटांसाठी हा फार मोठा दिलासा आहे.

प्रश्न : युद्धात जंगलं, नद्या, जमीन उद्ध्वस्त होते. त्याची भरपाई कधी कोणी दिलीये का?

दिलीये! १९९१ मध्ये इराकी सैन्याने माघार घेताना कुवेतच्या सहाशेहून जास्त तेलविहिरी पेटवल्या, वाळवंटात तेलाची अक्षरशः तळी साचली. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव ६८७ मध्ये पर्यावरणाच्या नुकसानीची जबाबदारी नाव घेऊन इराकवर टाकली, त्यासाठी एक आयोग नेमला आणि इराकच्या तेलविक्रीतला ठराविक हिस्सा परस्पर त्या फंडात वळवला. सगळे दावे धरून ५२.४ अब्ज डॉलर दिले गेले, शेवटचा हप्ता २०२२ मध्ये, म्हणजे तीस वर्षं लागली, पण पैसे आले. ते आले कारण इराक हरला होता आणि त्याच्या तेलाचा पैसा परिषदेच्या हातात होता. ज्याच्याकडे व्हेटो, म्हणजे परिषदेचा ठराव एकट्याने रोखायचा अधिकार आहे, अशा देशाविरुद्ध हाच मार्ग वापरता येणार नाही, आणि ही या व्यवस्थेतली सगळ्यात मोठी अन्यायाची गोष्ट आहे असं मला मनापासून वाटतं.

छोटं पण महत्त्वाचं उदाहरण म्हणजे कोस्टारिका आणि निकाराग्वा. निकाराग्वाने वादग्रस्त पाणथळ जागेत माणसं घुसवली, कालवे खोदले, जवळपास ३०० झाडं तोडली. २०१८ मध्ये हेगच्या कोर्टाने पहिल्यांदाच पर्यावरणाच्या हानीची किंमत लावली : तोडलेली झाडं, हवा शुद्ध करणं, जैवविविधता वगैरे मिळून १,२०,००० डॉलर. मागणी २८ लाखांच्या वर होती, म्हणजे कोर्ट हात राखूनच वागलं, पण निसर्गाच्या नुकसानीचे पैसे मोजावे लागतात हे एकदाचं ठरलं, आणि निकाराग्वाने पैसे भरलेसुद्धा.

पैशाचं ठीक, पण शिक्षेचं काय? तिथे कायदा फार तोकडा आहे. पर्यावरणाची हानी हा युद्धगुन्हा आहे खरा, पण ती व्यापक, दीर्घकालीन आणि गंभीर, तिन्ही एकदम असावी लागते, वर लष्करी फायद्याच्या मानाने उघडउघड जास्त असावी लागते. इतक्या अटी पुऱ्या करणं म्हणजे महाकठीण काम, आणि शांततेच्या काळात तर हे कलम लागूच होत नाही. म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये वानुआतू, फिजी आणि सामोआने आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयापुढे (हे हेगमधलंच पण वेगळं कोर्ट, देशांवर नाही तर व्यक्तींवर खटले चालवणारं) प्रस्ताव ठेवला की इकोसाइड, म्हणजे निसर्गाचा संहार, हा वेगळा गुन्हा धरा. मंजूर व्हायला वेळ लागेल, सदस्य देशांचं दोन तृतीयांश बहुमत जमवावं लागेल. तोवर नुकसानीची नोंद ठेवणं हे मोठं काम आहे : युक्रेनसाठी २०२३ मध्ये हेगला नुकसानीचं रजिस्टर उघडलंय, आणि त्यात पर्यावरणाचे दावेही घेतले जातात.