छापखान्यात ओपन सोर्स : आधी फाँट सोडवा

प्रश्न : आमचा छोटा ऑफसेट छापखाना आहे, तीन संगणक. लग्नपत्रिका, बिलबुकं, पतसंस्थांचे अहवाल ही रोजची कामं. कोरलड्रॉचा दरवर्षीचा खर्च पेलत नाही म्हणून इंकस्केप हे चित्रकामाचं ओपन सोर्स, म्हणजे खुलं सॉफ्टवेअर टाकलं. पण जुना मजकूर त्यात आणला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. कुठे चुकतं?
– एक मुद्रक, बार्शी

उत्तर : इंकस्केपचा यात दोष नाही. कृतिदेव किंवा जुनी श्रीलिपी या जुन्या फाँटांच्या मजकुरात मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. कृतिदेवमध्ये पडद्यावर 'काम' दिसतं तेव्हा फाईलमध्ये रोमन डी, के, ई ही तीन अक्षरं असतात. फाँट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. फाँट बदलला की मुखवटा गळतो.

म्हणून सॉफ्टवेअर बदलण्याआधी मजकूर युनिकोडमध्ये आणा, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा संकेत असलेल्या पद्धतीत. ज्या फाँटचा मजकूर, नेमका त्याच फाँटचा कन्व्हर्टर (मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं साधन) वापरा. या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर टंकलेला असतो, तर युनिकोडमधला क्रम उलटा. कन्व्हर्टर अडखळतो तो इथेच. 'कार्तिक', 'निर्मिती' असे शब्द आधी तपासा आणि पत्रिकेतली नावं तर मूळ प्रतीशी ताडूनच घ्या. सगळं कपाट उपसू नका. दरवर्षी परत येणारी कामं तेवढी बदला. बाकीची, कोरल हाताशी आहे तोवर, कर्व्ह करून (अक्षरांचे आकार करून) पीडीएफमध्ये ठेवा.

नव्या कामाला टिरो देवनागरी मराठी, मुक्ता किंवा बलू घ्या. तिन्ही खुल्या परवान्याचे आहेत, धंद्याच्या छपाईला चालतात. टिरोच्या या मराठी आवृत्तीत पाकळीचा ल आणि देठाचा श आपोआप येतो. हिंदी वळणाचा ल पत्रिकेवर आला की जाणकार गिऱ्हाईक बोट ठेवतंच!

आता छपाई. इंकस्केप चित्रासाठी, पानं जुळवायला स्क्रायबस हे दुसरं ओपन सोर्स सॉफ्टवेअर. स्क्रायबस १.६ किंवा त्यापुढचंच घ्या, १.४ मध्ये जोडाक्षरं तुटतात. इंकस्केपची एसव्हीजी फाईल आरजीबी, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगात असते. त्यातला काळा प्लेटवर जाताना सीएमवायके, म्हणजे सायन, मॅजेंटा, यलो आणि काळा, या चार शायांत विभागला जातो. ८ पॉइंटच्या मजकुरात रजिस्टर (रंगांची एकमेकांवरची जुळणी) केसभर हललं तरी अक्षराला रंगीत सावली येते, अनुस्वार आणि मात्रा भरतात. म्हणून इंकस्केपमधून फक्त नक्षी आणा आणि मजकूर स्क्रायबसमध्येच टंका. त्याचा रंग नेमका सी ०, एम ०, वाय ०, के १०० हवा. नक्षीबरोबर आलेले आरजीबी रंगही रंगांच्या यादीत जाऊन सीएमवायके करा. चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापणीत जाणारी जादा छपाई). कलर मॅनेजमेंट आधी चालू करा, नाहीतर पीडीएफ-एक्स३ या छपाईसाठीच्या पीडीएफचा पर्याय मिळत नाही. प्लेटला देण्याआधी प्रिंट प्रिव्ह्यूमध्ये काळी शाई बंद करून पाहा : मजकूर पूर्ण गायब झाला पाहिजे. पुसटसा जरी उरला, तरी तो बाकीच्या प्लेटांवर उतरलेला आहे.

कोरलचा एक परवाना वर्षभर राहू द्या. गिऱ्हाईक कोरलची सीडीआर फाईल घेऊन येणारच. लिबरऑफिस ड्रॉ ती उघडतं, पण सावल्या, पारदर्शकता बिघडू शकते.

प्रश्न : मग हिशेबाचं टॅलीही सोडावं का?
– तेच वाचक

उत्तर : घाई नको. ईआरपीनेक्स्ट हे मुंबईत घडलेलं हिशेबाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर चांगलं आहे, जीएसटीची सोयही जोडता येते. पण स्वतःकडे बसवायचं तर लिनक्स सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस लागतो. तीन संगणकांच्या छापखान्याला हा खटाटोप महागच. शिवाय तुमच्या सीएकडे टॅलीचीच फाईल जात असेल, तर आधी त्यांना विचारा. व्यवसाय प्रायव्हेट लिमिटेड असेल तर आणखी एक अट : १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची, बंद न करता येणारी नोंद राहावी लागते. प्रोप्रायटरी किंवा भागीदारीला ही अट लागू नाही. बदलायचंच ठरलं तर १ एप्रिललाच बदला आणि पहिली तिमाही दोन्हीकडे नोंदी ठेवा.