वर्कशॉपमध्ये मांजराचा लिटर बॉक्स, म्हणजे शी-शू करायचा डबा, ठेवताय?

आधी एक गोष्ट: करवतीखालचा भुसा बॉक्समध्ये घालू नका. फुकटचा आहे, ओल शोषतो, सगळं खरं. पण त्यात प्लायवुड आणि एमडीएफचा (लाकडाचे तंतू गोंदाने दाबून केलेल्या बोर्डाचा) भुसा मिसळलेला असतो, म्हणजे फॉर्मल्डिहाइडचा गोंद आलाच. वाळवीचं औषध मारलेलं लाकूड तर आणखी वाईट. अशा औषधांत पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक असू शकतं, ते मांजराला विषारी. पंजा चाटला की थेट पोटात. बेंटोनाइट मातीचं लिटर नाहीतर पाइनच्या गोळ्या विकत आणा.

बॉक्स मशीनपासून लांब, शांत कोपऱ्यात ठेवा. आत बसलेलं असताना प्लेनर (लाकूड तासायचं मशीन) सुरू झाला, तर ते मांजर पुन्हा तिकडे फिरकायचं नाही आणि भुशाचा ढीग शोधेल. माझ्या मनीने तेच केलं. त्या ढिगाला टेकून माझा लोखंडी रंधा पडलेला. चार दिवसांनी उचलला, तर तळ नारिंगी गंजाने माखलेला! पॉलिश पेपरवर घासून घासून सपाट केला, तरी पात्याच्या फटीजवळचे बारीक खड्डे अजून बोटाला लागतात. तेव्हापासून रोज काम संपलं की भुसा झाकणाच्या पिंपात.

बॉक्स दिवसातून दोनदा उपसा. मांजरं दोन असतील तर बॉक्स तीन लागतील.

पॉलिश करायच्या दिवशी मात्र बॉक्स आणि मांजर दोन्ही घरात न्या. लिटरची धूळ ओल्या पॉलिशवर बसते, आणि थिनरच्या वाफेत त्या जिवाला कोंडू नये.