एक रेघ आल्यावर

प्रिय पोरी,

परवा फोनवर म्हणालीस, "दिवस गेलेत का ते तपासायचं किट निगेटिव्ह आलं की बायका उठून पळतात, मग कुटुंब नियोजनाचं बोलायचं कधी?" फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

निश्चय किटवर थेंब टाकले की पाच मिनिटं थांबावं लागतं. ती पाच मिनिटं तुझी. नवीन असताना मी ती रजिस्टर भरण्यात घालवायचे. एकदा एकच रेघ दिसली आणि मी उत्साहात म्हणाले, "नाहीये हो, सुटलात!" लग्नाला सहा वर्षं झाली होती बाईंच्या. काही बोलल्या नाहीत, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. तेव्हापासून रेघ उमटायच्या आत विचारते, "तुम्हाला काय हवंय? दिवस गेलेले हवेत की नको?" सोबत सासू आली असेल तर तिला आधी बाहेर बाकावर बसव. तिच्यासमोर खरं उत्तर येत नाही.

नको असेल, तर "काही नाही, जा" म्हणू नकोस. पाळी नुकतीच चुकली असेल तर आठवड्याने पुन्हा तपासायला बोलाव. शेवटचा संबंध कधी आला तेही विचार. परवाचं किटला कळत नाही. ७२ तासांच्या आत असेल तर तातडीची गोळी देता येते, पाच दिवसांच्या आत तांबीही चालते. बाळ अंगावर पितंय म्हणून निर्धास्त असलेल्या बायका तर हमखास भेटतील. बाळ सहा महिन्यांचं झालं किंवा वरचं दूध सुरू झालं, की पाळी यायच्या आधीच दिवस जाऊ शकतात.

मग साधनं. आणि इथेच आपण घाई करतो. छाया ही गर्भनिरोधक गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा, एवढं सगळ्याच सांगतात. तिने पाळी लांबू शकते हे कोण सांगतं? अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन दर तीन महिन्यांनी, घरात लपवावं लागत नाही म्हणून बायकांना आवडतं. पण त्याने मधूनच डाग लागतात, पुढे पाळी थांबतेही. आधी सांगितलं नाही, तर तीच बाई घाबरून पुन्हा किट मागायला येते, "रक्त पोटात साठलंय" म्हणते आणि साधन सोडून देते. साठत नाही, हे पहिल्याच दिवशी सांग. इंजेक्शन बंद केल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, हेही. लवकर मूल हवं असेल तिला ते नकोच.

दोन रेघा आल्या आणि नको असेल, तर तोंड वाकडं करू नकोस. गर्भपाताचा कायदा १९७१ चा आहे. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. तिला लवकर डॉक्टरांकडे पाठव, मेडिकलमधून गोळ्या आणायच्या आत.

छायाची पाकिटं संपत आली असतील तर मागणी आजच पाठव, मीटिंगची वाट बघू नकोस.

तुझी,
जुनी सिस्टर