गव्हाण रिकामी का?

प्रिय एस्तेर,

तू विचारलंस, "वर्गातल्या सगळ्यांकडे नाताळ कधीच सुरू झाला, मग आपल्याच गोठ्यातली गव्हाण रिकामी का? बाळ हरवलं का?" हरवलेलं नाही गं. नाताळच्या देखाव्यातल्या आपल्या छोट्या गोठ्यातला बाळ येशू कापसात गुंडाळून डब्यात ठेवलाय, तो २४ तारखेच्या रात्रीच बाहेर येणार.

बाळ होणार असलेल्या बाईबद्दल आपण 'दिवस भरत आले' म्हणतो. मराठी बायबलमध्ये लूकने लिहिलेल्या शुभवर्तमानात मरियेसाठीही हाच शब्द आहे: तिचे दिवस भरले, आणि तिने बाळाला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. नाताळआधीचे हे आठवडे, आपला आगमनकाळ, म्हणजे ते दिवस भरणं. अशा घरात दुपटी शिवून होतात, कुंची तयार असते, पण रिकामा पाळणा कुणी हलवत नाही. म्हणून रविवारच्या मिस्सेत, चर्चमधल्या उपासनेतसुद्धा 'ऊर्ध्वलोकी देवाला गौरव' हे देवदूतांचं गीत या दिवसांत गात नाहीत. ते बेथलेहेमच्या रात्रीचं गाणं आहे, त्या रात्रीसाठी राखून ठेवायचं.

फादर स्टीफन्स यांचं मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात छापलं गेलं. त्यात सुमारे ११,००० ओव्या आहेत, आणि त्यातलं अख्खं 'पैलें पुराण' तारणारा येण्याआधीचं आहे. येशूचा जन्म 'दुसऱ्या पुराणात' येतो. इतकी मोठी वाट पाहणं त्यांना कथेत हवं होतं, ते गाळून पुढे जावंसं त्यांना वाटलं नाही, हे मला फार आवडतं.

आगमनकाळात नाताळआधीचे चार रविवार येतात, त्यामुळे तो कधी २२ दिवसांचा तर कधी २८ दिवसांचा असतो. आगमनचक्रावर, म्हणजे हिरव्या फांद्यांच्या गोल कड्यावर, तीन जांभळ्या मेणबत्त्या आणि एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारी लावायची, त्या रविवारचं लॅटिन नावच 'आनंद करा' असं आहे. दर आठवड्याला आधीच्याही पेटवायच्या असल्याने शेवटी मेणबत्त्यांच्या पायऱ्या होतात, पहिली सगळ्यात बुटकी. ती आधीच आखूड घेतलीस तर चौथ्या रविवारपर्यंत पुरणार नाही. आणि हिरव्या फांद्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत वाळून खडखडीत होतात, ज्योत बोटभर खाली आली की फांदी पेटते. तेव्हा फांद्या बदलायच्या. हे चक्र तुझ्या हॅम्बुर्गमधलंच आहे. १८३९ साली योहान विखर्न यांनी अनाथ मुलांसाठी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या, मधल्या दिवसांच्या लहान लाल. ती मुलंही रोज विचारायची, नाताळ कधी?

आता गहू. गोव्यात नाचणी किंवा गहू पेरून गोठ्याभोवती शेत करतात, नवरात्रात घटाखाली धान्य रुजवतात त्याच हाताने. १३ डिसेंबरला पेरायचा. लवकर पेरलास तर नाताळपर्यंत लोळतो, आणि आपली मरिया जेमतेम ९ सेंटिमीटरची, ती दिसेनाशी होते. मूठभर गहू आठ तास भिजवायचा, निथळून रात्रभर ओल्या फडक्यात बांधायचा. पांढरं टोक दिसलं की तळाला भोक असलेल्या ताटलीत चार सेंटिमीटर मातीवर दाण्याला दाणा लावून पसरायचा, वर चिमटीने माती भुरभुरायची आणि दोन दिवस कागदाने झाकायचा. मग खिडकीत. मुळांवर बारीक पांढरी लव दिसेल, ती बुरशी नव्हे, घाबरून फेकू नकोस. आंबूस वास आला तरच पाणी जास्त झालंय असं समज. पाणी ओतायचं नाही, शिंपडायचं. इथल्या डिसेंबरात ऊन कमी, कोंब काचेकडे झुकतात, म्हणून ताटली रोज अर्धी फिरवायची. हीटरवर ठेवू नकोस, एका रात्रीत करपेल.

गव्हाणीत पेंढा तू घालायचास. कुणाला मदत केलीस, भांडण मिटवलंस, की एक काडी. उगाच मूठभर टाकू नकोस. कमी काड्या जमल्या तर बाळ टणक लाकडावर निजेल एवढं लक्षात असू दे.

बाळाला भेटायला येणारे तीन राजे मात्र आत्ताच गोठ्यात नकोत. त्यांना पुस्तकांच्या फळीच्या टोकाला ठेव, रोज वीतभर पुढे सरकव. ६ जानेवारीला पोचतील. गोव्यात त्या दिवशी रेईश मागूश गावात मुलं राजे होऊन निघतात.

गव्हाचा डबा वरच्या कप्प्यात आहे. शुक्रवारी झोपायच्या आधी भिजत घाल, आणि २४ तारखेला मध्यरात्रीच्या मिस्सेहून आलो की कापूस तूच सोड.

तुझी आई