आमच्या चर्चची महिला फेलोशिप बंद पडली आहे. इंदूरसारख्या शहरात ती पुन्हा कशी उभी करावी?

तुम्ही लिहिलंय की मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, साठेक कुटुंबं आहेत, निम्मी मराठी, बाकीची हिंदी बोलणारी. सभेला शेवटी पाच-सहा जणीच येत होत्या आणि वर्षभरापासून तीही भरत नाही.

माझं म्हणणं असं की आधी सभा बोलावूच नका, आधी घरं फिरा. महिला मंडळ बसतं ते बहुधा एकाच कारणाने. गीत होतं, बायबलचं वचन होतं, प्रार्थना होते, चहा होतो, पण घरी जाताना कोणाच्याही हाती काम नसतं. किंवा मग उलटं होतं: नाताळचा फराळ आणि पाहुण्यांचं जेवण आलं की तेवढ्यापुरती कमिटीला बायकांची आठवण येते. दोन्हींनी माणसं थकतात. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या ९व्या अध्यायात यापो गावच्या मरण पावलेल्या टबीथाजवळ विधवा रडत उभ्या आहेत आणि प्रेषित पेत्राला तिने शिवलेली वस्त्रं दाखवताहेत. तिची ओळख त्या कपड्यांतून पटते. मंडळाचंही तसंच असावं.

साठ घरांचे भागाप्रमाणे सहा गट करा: सुदामानगरकडची एकत्र, विजयनगरकडची एकत्र, महू-राऊची वेगळी. प्रत्येक गटाला दोघी जणी, शक्यतो एक वयस्क आणि एक तरुण. दहा घरं महिन्यात, म्हणजे आठवड्याला दोन-तीन, एवढंच जमतं. जास्त ठरवलं की दुसऱ्या महिन्यात भेटी बंद पडतात. एक वही ठेवा, तिच्यात पाच रकाने: तारीख, घर, कोण गेलं, गरज काय, पुढे कोण आणि कधी जाणार. पाचवा रकाना कोरा राहतो आणि तिथेच सगळं फसतं. भेट झाली, डोळे पुसले, प्रार्थना केली, आणि त्या बाईच्या डायलिसिसच्या दिवशी सोबत कोणीच नाही, असं होतं.

जाताना फोन करून जा, अर्ध्या तासात उठा. आजाऱ्याजवळ दहा मिनिटं पुरेत, आणि औषधांवर सल्ला देऊ नका. सगळ्यात मोठा धोका म्हणजे ‘प्रार्थनाविनंती’ या नावाखाली घरातली गोष्ट व्हॉट्सॲप ग्रुपवर जाणं. सुनेचं भांडण, मुलाची दारू, गर्भपात यांतलं काहीही त्या घरच्या माणसाला विचारल्याशिवाय नावासकट लिहायचं नाही. एकदा विश्वास गेला की दार पुन्हा उघडत नाही.

दोन महिने हे चाललं की सभा आपोआप मागितली जाते. नोकरीवाल्या बायकांसाठी रविवारच्या उपासनेनंतरचीच वेळ बरी, ५० मिनिटं: गीत आणि वचन १५, प्रार्थना १०, वहीचं वाचन १५ (नाजूक गोष्टी वगळून), कामाची वाटणी १०. वाटणी झाल्याशिवाय शेवटची प्रार्थना नको. भाषेचं ओझं करू नका. लिपी एकच असल्याने मराठी वचन हिंदीवालीही हळूहळू वाचते. एक वाचन मराठीत, एक हिंदीत, प्रार्थना ज्या भाषेत मन मोकळं होईल तिच्यात. पाळकांच्या (पास्टरांच्या) पत्नीला आपोआप अध्यक्ष करू नका. पाळकांची बदली झाली की मंडळ पोरकं होतं. सल्लागार म्हणून त्या हव्यातच.

मयताच्या घरी तुमचं मंडळ खरं कसोटीला लागतं. यादी आधीच ठरलेली असावी: पाळकांना कोण कळवणार, कबरस्तानाचं कोण बघणार, बाई गेली असेल तर घरच्यांना विचारून अंघोळ घालून साडी नेसवायला कोणत्या तिघी जाणार, लहान मुलांना कोणाच्या घरी नेणार. शंभर माणसांच्या चहाला ५ लिटर दूध, ५ लिटर पाणी, १ किलो साखर, पाव किलो चहा पुरतो. त्या घरची चूल तीन दिवस पेटू नये, पण डबे एकाच घराने देऊ नयेत; सहा गटांना एकेक वेळ वाटून दिली की तीन दिवस निघतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायला लावा आणि दाखल्याच्या चार-पाच प्रती काढून घ्या. बँक, विमा, पेन्शन सगळीकडे त्या लागतात. आणि खरी सोबत तिसऱ्या आठवड्यापासून हवी असते, नातेवाईक परतल्यावर. त्या वेळची भेट वहीत आजच लिहून टाका.

सेवेसाठी पैसा नसेल तर मूठधान्य सुरू करा. मिझोरमच्या बायकांनी याच मुठीवर मंडळीची केवढी तरी कामं उभी केली. स्वयंपाकाला तांदूळ घेताना रोज एक मूठ बाजूच्या डब्यात. मूठ साधारण ४० ग्रॅमची. महिन्याला घरटी सव्वा किलो, वीस घरांचे २४-२५ किलो. इंदूरच्या घरांत पोळीच जास्त, म्हणून रोज भात नसला तरी डबा ओट्यावरच ठेवायचा. धान्य महिन्याच्या महिन्याला उचला, पावसाळ्यात तर पंधरा दिवसांनी, नाहीतर किडे होतात. कोलम, बासमती, जुना, नवा असा मिसळलेला तांदूळ सारखा शिजत नाही, भाताला तो बिघडतो. खिचडीला मात्र चालतो.

ती खिचडी इंदूरच्या मोठ्या सरकारी एमवाय रुग्णालयाबाहेर नेता येते. झाबुआ, धार, अलीराजपूरकडून रुग्णांबरोबर आलेली माणसं तिथे दिवसच्या दिवस काढतात. पन्नास जणांना ४ किलो तांदूळ, २ किलो मूगडाळ, अर्धा लिटर तेल आणि १८ लिटर पाणी. पातळच ठेवा, पोहोचेपर्यंत ती घट्ट होते. सोबत दोन लिटर कढत पाणी न्या. पातेलं जाड बुडाचं हवं, नाहीतर खालची करपते आणि वास सगळीला लागतो. जागेची परवानगी आधी घ्या, आणि जेवण नातेवाइकांनाच द्या, रुग्णाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. तिथे धर्माची पत्रकं वाटू नका. मध्य प्रदेशच्या २०२१च्या धर्मस्वातंत्र्य कायद्यात धर्मांतरासाठीच्या प्रलोभनाची व्याख्या फार रुंद आहे; पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. भुकेल्याच्या ताटाला अट जोडायची नसते.

पैशाचं थोडक्यात: अर्पण आणि बचत एकत्र करू नका. बचत गट करायचा तर तो १० ते २० जणींचा, स्वतंत्र वही आणि स्वतंत्र खात्याचा, आणि त्यात चर्चबाहेरच्या शेजारणीही असू द्या. मंडळाच्या खात्याला दोन सह्या, हिशेब दर तीन महिन्यांनी सभेत मोठ्याने वाचून.

इतर मंडळ्यांशी जोडून घ्यायला मार्चचा पहिला शुक्रवार, जागतिक प्रार्थना दिन, उत्तम. त्याची उपासना दरवर्षी वेगळ्या देशाच्या बायका लिहितात. २०२४ला पॅलेस्टाईनच्या होत्या, २०२५ला कुक बेटांच्या. मजकूर जानेवारीतच मिळवा, हिंदी-मराठी करायला महिना जातो. कॅथलिक बहिणींनाही बोलवा. त्याच दिवशी लहान नाण्याचा डबा फिरवा. १९५६मध्ये शांती सॉलोमन या भारतीय बाईने ही चळवळ सुरू केली: जिच्याशी दुरावा आहे तिच्यासाठी प्रार्थना करायची आणि देशातलं सर्वांत लहान नाणं बाजूला टाकायचं. कोणी नोट टाकू लागली तर प्रेमाने थांबवा. बंगल्यातल्या बाईचं आणि धुणीभांडी करणारीचं देणं त्या डब्यात अगदी सारखं असावं, म्हणूनच ते नाणं लहान ठेवलंय.