पिचर की कॅचर? कोच ‘दोन्ही’ म्हणतोय तर त्याला आठवडा विचारा

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते, तुम्ही न्यू जर्सीत राहता, मुलगा 17 वर्षांचा, हायस्कूलचं ज्युनिअर वर्ष (अकरावी) चालू आहे, बेसबॉल टीममधे पिचिंग करतो (म्हणजे बॉल टाकतो) आणि पिचिंग नसेल त्या दिवशी कॅचर म्हणून (बॅट्समनच्या मागे, विकेटकीपरसारखा) बसतो, बॅटही चांगली चालते. दोन कॉलेजचे कोच बोलतायत, एक म्हणतो फक्त पिचर म्हणून ये, दुसरा म्हणतो आम्ही दोन्ही खेळवू. बाबा म्हणतात काय ते एक आत्ताच ठरव, मुलगा म्हणतो ओहतानी (अमेरिकेच्या सर्वोच्च मेजर लीगमधे पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणारा खेळाडू) करतो मग मी का नको, आणि तुमची दोघांच्या मधे ओढाताण चाललीये.

आधी बाबांचं बघू. त्यांची काळजी खरी आहे पण सतराव्या वर्षी घरात बसून हे ठरवायची घाई नको असं मला अगदी मनापासून वाटतं. जेकब डिग्रॉम स्टेट्सन युनिव्हर्सिटीत शॉर्टस्टॉप (फिल्डर) होता, पिचिंगकडे वळला ते तिसऱ्या वर्षी, आणि पुढे 2018 आणि 2019 असे लागोपाठ दोन साय यंग अवॉर्ड (सर्वोत्तम पिचरचं) घेतले. उलटं उदाहरण डेव्ह विनफिल्डचं, मिनेसोटा युनिव्हर्सिटीकडून 1973 च्या कॉलेज वर्ल्ड सिरीजमधे पिचिंग करून तो सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि प्रोफेशनल झाल्यावर थेट आउटफिल्डमधे गेला, मेजर लीगमधे एकदाही पिचिंग केलं नाही. म्हणजे कुठलं टिकेल ते कॉलेजातच कळतं, कधीकधी तिथेही उशिराच.

तुमच्या मुलाच्या सगळ्यात जवळचं उदाहरण पॉल स्कीन्सचं. एअर फोर्स अकॅडमीत तो पिचर आणि कॅचर दोन्ही होता, अगदी तुमच्या मुलासारखा, आणि 2022 ला जॉन ओलेरुड अवॉर्ड मिळालं, जे दोन्ही करणाऱ्या कॉलेज खेळाडूला देतात (ओलेरुडने 1988 साली वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीकडून पिचर म्हणून 15 मॅच जिंकल्या, एकही हरला नाही, आणि त्याच सीझनला 23 होमरन मारले होते). मग स्कीन्स एलएसयूला (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) गेला, बॅट बाजूला ठेवली, आणि 2023 च्या मेजर लीग ड्राफ्टमधे (टीम नवे खेळाडू निवडतात त्यात) पहिल्या नंबरवर गेला. दोन वर्षं दोन्ही केलं म्हणून काही बिघडलं नाही आणि सोडायची वेळ आली तेव्हा सोडलं.

आता ओहतानी. मुलाला हेही सांगा की त्याच्या कोपराची ऑपरेशनं दोनदा झाली, 2018 आणि 2023 ला, आणि 2024 चा पूर्ण सीझन तो फक्त बॅटिंग करत होता. लुईव्हिल युनिव्हर्सिटीचा ब्रेंडन मॅके, ओलेरुड अवॉर्ड लागोपाठ तीनदा घेतलेला मुलगा, 2017 च्या ड्राफ्टमधे चौथा, त्याचं पुढे खांद्याचंही ऑपरेशन झालं आणि कोपराचंही. घाबरवत नाहीये ताई, पण हे त्याला माहीत असायलाच हवं.

माझी खरी अडचण तुमच्या मुलाच्या ‘दोन्ही’ला नाहीये, कॅचरला आहे. पिच स्मार्ट म्हणून मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉलच्या शिफारसी आहेत, त्यात 17-18 वयाला एका दिवसात जास्तीत जास्त 105 पिच (म्हणजे टाकलेले बॉल), 81 किंवा जास्त टाकले तर चार दिवस आराम, आणि वर्षात चार महिने पिचिंग बंद असं आहे. त्यातच पिचरने कॅचर होणं टाळावं असंही आहे, कारण कॅचर प्रत्येक पिचनंतर बॉल परत फेकतो, बेसवर जोरात थ्रो मारतो, आणि हे सगळं कुणाच्याच पिच काउंटमधे मोजलं जात नाही. त्यामुळे शनिवारी 90 पिच टाकून सोमवारी कॅचर म्हणून बसला तर तो आराम नव्हेच. बाबा म्हणतात की क्रिकेटमधे ऑलराउंडर चालतो, पण क्रिकेटचा ऑलराउंडर दुसऱ्या दिवशी विकेटकीपिंग करून दिवसभर थ्रो मारत नाही ना.

मग बॅटचं काय? कॉलेजच्या नियमात पिचर स्वतःच डीएच (फिल्डिंग न करता फक्त बॅटिंग करणारा) म्हणून खेळू शकतो आणि पिचिंगवरून उतरवला तरी डीएच म्हणून बॅटिंग करत राहू शकतो. म्हणजे बॅट वाचवायला कॅचरच व्हायला हवं असं नाही, फर्स्ट बेस शिकला तर आणखी बरं.

दुसऱ्या कोचला फक्त आठवडा विचारा. डिव्हिजन वनला (कॉलेज खेळाची सगळ्यात वरची पातळी) साधारण शुक्र-शनि-रवि तीन मॅच आणि मधे मंगळवारी वगैरे एक असते, तर हा रविवारी पिचिंग करणार असेल तर शुक्रवारी कुठे उभा असेल, सोमवारी काय करेल, बुलपेन (पिचिंगचा सराव) कधी, बॅटिंग प्रॅक्टिस कधी, आणि इंजिनिअरिंगची दुपारची लॅब असेल त्या दिवशी काय. ज्याने खरंच विचार केलाय तो पटापट सांगेल. 2025-26 पासून बऱ्याच डिव्हिजन वन टीममधे 34 च मुलं ठेवता येतात त्यामुळे दोन कामं करणारा एक मुलगा कोणाला नकोय, म्हणून ‘दोन्ही’ हा शब्द सहज तोंडी येतो. त्या कॉलेजच्या साईटवर मागच्या तीन सीझनचे आकडे काढा, रोस्टरवर (टीमच्या यादीत) दोन्ही लिहिलेल्या मुलांना खरंच किती इनिंग आणि किती अ‍ॅट-बॅट मिळाले ते बघा. पहिल्या कोचलाही विचारा की फॉलच्या प्रॅक्टिसमधे बॅटिंग करू देईल का.

आणि शेवटी तुम्ही सहज एक ओळ लिहिलीये की हल्ली गेमनंतर तो कोपराला बर्फ लावून बसतो आणि विचारलं तर काही नाही म्हणतो. ताई, कुठल्याही कोचला उत्तर द्यायच्या आधी स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरला दाखवा, आणि तोपर्यंत कॅचिंग बंद. दुखतंय का हे बाबांसमोर विचारू नका, गाडीत दोघंच असाल तेव्हा विचारा. डॉक्टर काय म्हणाले आणि दुसऱ्या कोचने आठवडा कसा सांगितला, दोन्ही मला कळवा, मग पुढचं बोलू.