शरद, पीक आणि साल

प्रश्न : नातीच्या पुस्तकात ‘शरद म्हणजे पानगळीचा ऋतू’ असे छापलेले आहे. आमच्याकडे आश्विनात एकही झाड उघडे पडलेले दिसत नाही. उलट हळव्या भाताच्या कापणीची घाई असते. मग ‘शरद’ या शब्दाचा मूळ अर्थ काय आणि तो आला कोठून?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : आपल्या शंकेत तथ्य आहे. चूक गुहागरच्या झाडांची नाही, पुस्तकातील भाषांतराची आहे. युरोपातील थंड प्रदेशांत ज्या दिवसांत पाने झडतात, ते दिवस आपल्या आश्विन-कार्तिकाच्या आसपास येतात. त्यामुळे तिकडच्या ‘ऑटम’ला ‘शरद’ हा प्रतिशब्द दिला गेला आणि त्याच्याबरोबर पानगळही आपल्या ऋतूच्या गळ्यात पडली. आपली पानगळ शिशिरातली. पांगारा आणि सावर यांची पाने झडून नुसती लाल फुले उरतात, ती माघ-फाल्गुनात.

शब्दाकडे वळू. मूळ संस्कृत शब्द ‘शरद्’ असा व्यंजनान्त आणि स्त्रीलिंगी आहे. मराठीत ‘ऋतू’च्या संगतीने तो पुल्लिंगी झाला, आणि ‘शरच्चंद्र’, ‘शरत्काल’ अशा जोडशब्दांतच त्याचे जुने रूप टिकले. व्याकरणकार तो ‘शॄ’, म्हणजे मोडणे, झिजणे, या धातूपासून साधतात. एवढ्यावरून पानगळीला आधार मिळाला असे कोणी म्हणेल. पण वैदिक शब्दांची फोड करणाऱ्या ‘निरुक्त’ या प्राचीन ग्रंथाचा कर्ता यास्क याने दिलेल्या दोन्ही व्युत्पत्तींत झाडाचे पान कोठेच नाही. या ऋतूत ओषधी ‘शृत’ होतात, म्हणजे वनस्पती पिकतात, अशी एक. आणि या ऋतूत पाणी ‘शीर्ण’ होते, म्हणजे ओसरते, अशी दुसरी. ‘शृत’चा शब्दशः अर्थ शिजलेले. (आपले ‘पीक’ही ‘पक्व’पासून, म्हणजे शिजवण्याच्याच ‘पच्’ धातूपासून आले आहे.) अशा व्युत्पत्ती पुष्कळदा शब्द रूढ झाल्यानंतर मागाहून जुळवलेल्या असतात, त्यामुळे त्यांवर फार भार टाकू नये, परंतु जुन्या लोकांना या ऋतूत काय दिसत होते ते त्यांतून नेमके कळते. वहाळाचे गढूळ पाणी निवळून खाली गेलेले आणि शेतात लोंबी पिवळी पडून वाकलेली, हे दृश्य आपण दर आश्विनात पाहताच. कोजागरीच्या दिवशी, म्हणजे आपल्या नवान्न पौर्णिमेला, भाताच्या नव्या लोंब्या आंब्याच्या पानासह दारावर बांधतात, तेव्हा यास्काची पहिली व्युत्पत्तीच चौकटीला टांगलेली असते, असे म्हणायला हरकत नाही.

या शब्दाचा दुसरा अर्थ ‘वर्ष’ असा आहे. ‘पश्येम शरदः शतं जीवेम शरदः शतम्’ या ऋग्वेदातील प्रार्थनेत शंभर शरद पाहण्याची आणि जगण्याची इच्छा आहे, ती शंभर वर्षांचीच. वर्षातून एकदाच येणारा ऋतू मोजला की वर्षे आपोआप मोजली जातात. ‘वर्ष’ या शब्दाचेही असेच झाले. त्याचा आधीचा अर्थ पाऊस. अमरकोशातही संवत्सराच्या पर्यायांत ‘शरत्’ आहे.

तो आला कोठून, याचे उत्तर संस्कृतच्या इराणी भावंडांकडे पाहिल्यावर अधिक स्पष्ट होते. अवेस्ता या पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथाच्या भाषेत याच शब्दाचे ‘सरद’सारखे रूप आहे आणि त्याचा अर्थ वर्ष असाच आहे, म्हणजे हा शब्द या दोन्ही भाषा वेगळ्या होण्यापूर्वीचा आहे. पुढे फारसीत जुन्या ‘र्द’चा ‘ल’ झाला. संस्कृत ‘हृद्’चा सगोत्र शब्द तिकडे ‘दिल’ झाला आणि ‘शरद्’चा झाला ‘साल’. हा ‘साल’ फारसीतून मराठीत आला आणि इतका रुळला की त्याचे परकेपण कोणाला जाणवतही नाही. गावच्या जत्रेच्या फलकावर ‘सालाबादप्रमाणे यंदाही’ असे आपण वाचता, त्यातला ‘साल’ हा आपल्या शरदाचाच, इराणात वाढून परत आलेला भाऊ आहे.